फ्रेमवर वेळेचा शिक्का कोण मारतं, आणि कधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. नेटमध्ये मुलांच्या बॉलिंगचा वेग मोजायचा आहे. एकाच मॉडेलचे दोन यूएसबी वेबकॅम आहेत. एक बॉलरच्या बाजूच्या पॉपिंग क्रीझच्या रेषेत लावलाय, दुसरा बॅट्समनच्या. उबुंटूचा, म्हणजे लिनक्सचा लॅपटॉप, पायथन आणि ओपनसीव्ही (चित्रं हाताळणारी लायब्ररी). फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) वाचली की लगेच ‘टाइम डॉट टाइम’ने वेळ घेता, चेंडू दोन्हीकडे कधी दिसला त्यातला फरक काढता आणि त्याने अंतराला भागता. एकाच मुलाने एकाच रन-अपने टाकलेले सहा चेंडू ताशी ९६ पासून १३१ किलोमीटरपर्यंत कुठलाही आकडा दाखवतात. मित्राचं म्हणणं आहे की कॅमेरे स्वस्तातले आहेत, बदलून टाक.

कॅमेरे बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही जी वेळ मोजताय ती चेंडू क्रीझवर असण्याची वेळच नाही. ती तुमच्या प्रोग्रामला फ्रेम हाती लागल्याची वेळ आहे. पत्र कधी टाकलं हे ओळखायला आपण पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघतो, पाकीट कधी फोडलं ते नाही. तुम्ही पाकीट फोडल्याची वेळ लिहून ठेवताय. शिक्का त्या फ्रेमवर आधीच मारलेला असतो, ड्रायव्हरने, म्हणजे लिनक्समधल्या कॅमेरा हाताळणाऱ्या प्रोग्रामने. तो वाचायचा राहून गेलाय.

आधी हिशोब बघू. दोन पॉपिंग क्रीझमधलं अंतर १७.६८ मीटर. चेंडू सरासरी ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३० मीटरने गेला तर हे अंतर कापायला ०.५८९ सेकंद लागतात. मोजण्यात ६० मिलिसेकंदांची चूक झाली तर हाच चेंडू एका बाजूला १२० दाखवतो आणि दुसऱ्या बाजूला ९८. म्हणजे तुमचा ९६ ते १३१चा पसारा दोन्ही बाजूंना साधारण शंभर मिलिसेकंदांच्या घोळातून येतो. एवढा घोळ पायथनच्या एका लूपमध्ये अगदी सहज होतो.

तो कसा होतो ते बघा. तुमच्या कोडमध्ये आधी पहिल्या कॅमेऱ्याचं ‘रीड’ आहे, त्याखाली दुसऱ्याचं. पहिलं रीड फ्रेम येईपर्यंत थांबतं, मग एमजेपेग (कॅमेऱ्याने आवळून पाठवलेलं चित्र) उलगडून चित्र तयार करतं, आणि मगच दुसऱ्याची पाळी येते. दुसऱ्या कॅमेऱ्याची फ्रेम तोवर येऊन बफरमध्ये (फ्रेम तात्पुरती ठेवायच्या जागेत) पडून असते. ती किती वेळ पडून होती हे दोन कॅमेऱ्यांच्या फ्रेम एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत यावर ठरतं, आणि ते तुमच्या हातात नाही. त्यात चेंडू शोधण्याचं काम त्याच लूपमध्ये असेल तर रांग वाढते. ओपनसीव्ही लिनक्सवर ड्रायव्हरकडून साधारणपणे चार बफर मागून घेतं. ते भरले की ड्रायव्हर नव्या फ्रेम टाकून देतो आणि तुम्ही जुन्याच वाचत बसता. सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने चार फ्रेम म्हणजे १३३ मिलिसेकंद. तुमच्या सगळ्या घोळाला ही एकच गोष्ट पुरते.

आता शिक्क्याकडे वळू. लिनक्सवर कॅमेऱ्याची फ्रेम व्ही४एल२ नावाच्या व्यवस्थेतून येते. त्यात प्रत्येक बफरबरोबर एक टाइमस्टॅम्प (हाच तो शिक्का), एक क्रमांक आणि काही खुणा असतात. कुठल्याही टाइमस्टॅम्पबद्दल मी तीन गोष्टी विचारतो: तो कोणत्या घड्याळाचा आहे, फ्रेमच्या कोणत्या क्षणाचा आहे, आणि तो क्षण ड्रायव्हरला कळला कसा. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत त्या आकड्यावर मी काही उभारत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ड्रायव्हर स्वतः खुणांमधून देतो. तिसऱ्यासाठी हार्डवेअर समजून घ्यावं लागतं.

घड्याळापासून सुरू करतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय. पूर्वी बरेच ड्रायव्हर भिंतीवरच्या घड्याळाची, म्हणजे तारीखवारासकटची वेळ देत. २०१२-१३च्या सुमारास ते बदललं आणि मोनोटॉनिक घड्याळाचा शिक्का रूढ झाला. हे घड्याळ मशीन सुरू झाल्यापासून नुसतं पुढे जातं. कोणी तारीख बदलली किंवा इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली तरी ते उडी मारत नाही. तुमचं टाइम डॉट टाइम मात्र भिंतीवरचं घड्याळ आहे.

चाकणच्या एका कारखान्यात आम्ही पट्ट्यावरून जाणारे सुटे भाग तपासणारा कॅमेरा बसवला होता. भाग खराब दिसला की पुढे एक दांडा त्याला बाजूला ढकलायचा. पट्ट्याच्या एन्कोडरची (पट्टा किती सरकला ते मोजणाऱ्या यंत्राची) वेळ मोनोटॉनिक घड्याळाची होती आणि फ्रेमची वेळ आमच्या प्रोग्रामने घेतलेली, भिंतीवरच्या घड्याळाची. सुरुवातीला एकदा दोन्हींतला फरक काढून ठेवला होता. ज्या छोट्या बोर्डावर हे चालायचं त्यात घड्याळाची बॅटरी नव्हती. बोर्ड सुरू झाला की जुनीच वेळ धरून चालायचा, आणि नेटवर्क मिळालं की खरी वेळ घ्यायचा. एका सकाळी नेटवर्क उशिरा आलं. घड्याळ उडालं, काढून ठेवलेला फरक निकामी झाला, आणि दांडा चांगले भाग ढकलू लागला. ऑपरेटरने हाताने पट्टा थांबवला तेव्हा खालच्या क्रेटमध्ये चांगल्या मालाचा ढीग होता. चूक आमची होती. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या कामात मी भिंतीवरचं घड्याळ फक्त फाइलला नाव देण्यापुरतं वापरतो. पायथनमध्ये ‘टाइम डॉट मोनोटॉनिक’ आहे. लिनक्सवर ते तेच घड्याळ वाचतं जे ड्रायव्हर वाचतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांची थेट वजाबाकी करता येते.

पुढचा प्रश्न, फ्रेमच्या कोणत्या क्षणाचा शिक्का. व्ही४एल२मध्ये याच्या दोन खुणा आहेत: ‘एंड ऑफ फ्रेम’, म्हणजे फ्रेम संपतानाचा, आणि ‘स्टार्ट ऑफ एक्स्पोजर’, म्हणजे सेन्सर प्रकाश घ्यायला लागतानाचा. काहीच न सांगणारा ड्रायव्हर पहिल्या प्रकारात मोडतो. वेबकॅमचा यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं सामाईक मानक) ड्रायव्हर दुसरी खूण लावतो. पण खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एक्स्पोजर सुरू झाल्याचं ड्रायव्हरला कळायला वेबकॅममध्ये सरळ रस्ता नसतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो एवढंच करतो, की नव्या फ्रेमचं पहिलं पॅकेट (यूएसबीवरून येणारा माहितीचा तुकडा) हाताळताना घड्याळ बघतो आणि तो आकडा लिहितो. तोवर सेन्सरने प्रकाश घेतलेला असतो, निदान सुरुवातीच्या ओळी वाचलेल्या असतात, एमजेपेग असेल तर कॅमेऱ्याच्या आतल्या चिपने चित्र आवळायलाही घेतलेलं असतं. म्हणजे खूण एक्स्पोजरच्या सुरुवातीची, आणि आकडा पहिल्या पॅकेटच्या आगमनाचा.

आणि ‘पहिलं पॅकेट आलं’ हेसुद्धा ड्रायव्हरला त्याच क्षणी कळत नाही. माझ्या मते हे समजून घेण्यासारखं आहे. यूएसबी २.०च्या हाय-स्पीडवर दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक पॅकेट येऊ शकतं. प्रत्येक पॅकेटसाठी प्रोसेसरला उठवणं परवडणारं नाही, म्हणून ड्रायव्हर ३२ पॅकेटांपर्यंतचा एक गठ्ठा मागवतो आणि गठ्ठा भरला की मगच त्याला हाक येते. ३२ गुणिले १२५ म्हणजे ४ मिलिसेकंद. फ्रेमचं पहिलं पॅकेट गठ्ठ्यात कुठेही असो, शिक्का गठ्ठा पूर्ण झाल्यावरचा.

हे डोळ्यांनी बघता येतं. व्ही४एल२-सीटीएल नावाचं छोटं साधन मिळतं. त्याला व्हर्बोज (सविस्तर छापण्याचा) पर्याय देऊन दोनतीनशे फ्रेम वाचायला सांगा. प्रत्येक फ्रेमची एक ओळ छापली जाते: क्रमांक, टाइमस्टॅम्प, आधीच्या फ्रेमपासूनचा फरक, आणि कंसात मोनोटॉनिक वगैरे खुणा. ३० फ्रेमच्या वेबकॅमवर तुम्हाला वाटेल की दर वेळी ३३.३ दिसेल. दिसतं ते साधारण असं: ३२, ३२, ३६, ३२, ३२, ३६. तीन मिळून बरोबर १००. कॅमेरा अगदी नियमित फ्रेम पाठवतोय, शिक्का मात्र चारचाराच्या पायऱ्यांवरच पडू शकतो, म्हणून तो कधी आठ पायऱ्या जातो आणि कधी नऊ. हे आकडे पहिल्यांदा बघितले की कॅमेरा बिघडलाय असं वाटतं. तो ठीक असतो.

याहून चांगला शिक्का मिळवण्याची सोय यूव्हीसीच्या रचनेतच आहे. कॅमेरा पॅकेटच्या मथळ्यात स्वतःच्या घड्याळाची वेळ लिहू शकतो: ही फ्रेम घ्यायला सुरुवात केली तेव्हा माझ्या घड्याळात किती वाजले होते. त्याबरोबर तो जुळणीची एक जोडीही पाठवतो: आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत, आणि यूएसबीचा फ्रेम-क्रमांक अमुक आहे. तो क्रमांक ११ बिटांचा असतो आणि दर मिलिसेकंदाला एकाने वाढतो, म्हणजे दर २०४८ मिलिसेकंदांनी फिरून शून्यावर येतो. लॅपटॉपच्या बाजूलाही तोच क्रमांक कळतो, त्यामुळे कॅमेऱ्याचं घड्याळ आणि लॅपटॉपचं घड्याळ यांच्यात तो सामाईक दुवा ठरतो. ड्रायव्हर अशा बऱ्याच जोड्या साठवतो, त्यांतून सरळ रेषा बसवतो आणि कॅमेऱ्याची वेळ आपल्या घड्याळात उतरवतो. यासाठी यूव्हीसी मॉड्यूलचा ‘एचडब्ल्यू-टाइमस्टॅम्प्स’ हा पर्याय चालू करावा लागतो. तो मुळात बंद असतो, आणि त्याला कारण आहे. काही कॅमेरे हे आकडे चुकीचे पाठवतात, काही पाठवतच नाहीत. चुकीच्या जोड्यांतून बसवलेली रेषा कधी मागे जाणारी वेळही देते, आणि ते चार मिलिसेकंदांच्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी वाईट. तुमच्या वेबकॅमवर ते चालेल की नाही हे चालू करून, फरकांचे आकडे बघूनच ठरवावं लागेल.

पण तुमच्या कामाला त्याची गरज आहे का? ४ मिलिसेकंद म्हणजे ५८९मधले ०.७ टक्के, ताशी १०८च्या चेंडूला पाऊण किलोमीटरच्या आत. नेटमधल्या मुलांसाठी एवढं चालेल. म्हणून मी तरी साध्या शिक्क्यावरच थांबेन.

मग बदलायचं काय? ओपनसीव्हीमध्ये ‘कॅप प्रॉप पॉस एमसेक’ ही प्रॉपर्टी आहे. लिनक्सच्या व्ही४एल२ बॅकएंडवर (ओपनसीव्हीने फ्रेम आणण्याच्या मार्गावर) ती ड्रायव्हरचा टाइमस्टॅम्प मिलिसेकंदांत देते. बॅकएंड मात्र स्पष्टपणे व्ही४एल२ सांगा, नाहीतर ओपनसीव्ही दुसराच निवडू शकतं आणि त्या प्रॉपर्टीचा अर्थ बदलतो. मिळालेला आकडा टाइम डॉट मोनोटॉनिकच्या शेजारी छापून बघा. शिक्का थोडा मागचा, दहावीस किंवा पन्नास मिलिसेकंद जुना असेल तर तुम्ही योग्य घड्याळ वाचताय. शिवाय दोन्ही कॅमेऱ्यांसाठी वेगळे थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) करा. फ्रेम रांगेत उशिरापर्यंत पडून राहिली तरी आता फरक पडत नाही, शिक्का बदलत नाही. फक्त रांग भरून फ्रेम गळता कामा नयेत. त्यासाठी चेंडू शोधण्याचं काम वाचणाऱ्या थ्रेडच्या बाहेर काढा.

फ्रेमचा क्रमांक भागिले ३० करून वेळ काढायचा मोह होईल, कारण ते आकडे दिसायला फार स्वच्छ असतात. करू नका. कॅमेऱ्याचं ३० हे नावाला ३० असतं, आतलं स्फटिक-घड्याळ थोडं पुढे-मागे धावतंच. समजा दोन कॅमेऱ्यांत दहा लाखांत शंभर भागांचा फरक आहे. दहा मिनिटांत तो ६० मिलिसेकंद होतो आणि आपण पुन्हा ९८ आणि १२०च्या गोंधळात जातो. शिवाय संध्याकाळी उजेड कमी झाला की बरेच वेबकॅम एक्स्पोजर वाढवण्यासाठी आपणहून वेग उतरवतात, ३०चे १५ होतात. ‘एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट’ नावाचं कंट्रोल बंद केलं की हे थांबतं.

एक्स्पोजर हाताने ठरवाच. सेकंदाला ३० मीटर जाणारा चेंडू १० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ३० सेंटिमीटर लांब पट्टा होतो. त्या पट्ट्यातला कोणता बिंदू कोणत्या क्षणाचा, हे कुठलाही टाइमस्टॅम्प सांगणार नाही. यूव्हीसीमध्ये एक्स्पोजरचं एकक ०.१ मिलिसेकंदाचं आहे, म्हणजे १० हा आकडा भरला की १ मिलिसेकंद. दुपारच्या उन्हात तेवढं पुरतं, आणि चेंडू ३ सेंटिमीटरच पसरतो. ट्यूबलाइटखाली इनडोअर नेट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे उजेड दर १० मिलिसेकंदांनी कमीजास्त होतो आणि इतक्या छोट्या एक्स्पोजरला चित्रात पट्टे येऊ शकतात. आधी उजेड कसा आहे ते सांगा, मग त्याबद्दल बोलू.

सेन्सर सगळं चित्र एका क्षणी घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, हेही हिशोबात धरा. तुमच्या वेबकॅमचे आकडे बाहेर मिळणार नाहीत, पण रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या दुसऱ्या पिढीच्या कॅमेऱ्यातला आयएमएक्स२१९ सेन्सर घ्या, त्याचा लिनक्स ड्रायव्हर उघडा आहे. एक ओळ सुमारे १८.९ मायक्रोसेकंदांची, म्हणजे १०८० ओळी वाचायला वीस मिलिसेकंदांहून थोडं जास्त. चित्राच्या तळाचा चेंडू माथ्याच्या चेंडूपेक्षा वीस मिलिसेकंद उशिराचा, आणि शिक्का दोघांवर एकच. यावर सोपा उपाय: दोन्ही कॅमेरे असे लावा की चेंडू दोन्हींमध्ये साधारण सारख्याच ओळीतून जाईल. चेंडू टप्पा पडून वर उठतो, त्यामुळे बॅट्समनच्या बाजूचा तिपाई थोडा वेगळ्या उंचीवर लागेल.

एक चांगली गोष्ट तुमच्या बाजूने आहे. तुम्हाला चेंडू नक्की किती वाजता गेला हे नको, दोन वेळांतला फरक हवाय. पहिलं पॅकेट येईपर्यंतचा विलंब दोन्हीकडे सारखा असेल तर वजाबाकीत तो निघून जातो. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांचं मॉडेल, रिझोल्यूशन, फॉरमॅट आणि एक्स्पोजर एकच ठेवा. शक्यतो ते वेगवेगळ्या यूएसबी कंट्रोलरवर लावा, एकाच हबवर नको.

तो विलंब खरंच सारखा आहे का, हे गृहीत न धरता मोजा. दोन्ही कॅमेरे एकमेकांशेजारी टेबलावर ठेवा आणि दोघांनाही एकच एलईडी दाखवा, दोन्ही चित्रांत एकाच ओळीवर. आर्डुइनोने (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) तो पेटवा, पण अनियमित अंतराने, कधी ४३० मिलिसेकंदांनी, कधी ७१०ने. ठरावीक अंतर ठेवलं तर ते फ्रेमच्या तालाशी जुळून उत्तर एकीकडे झुकतं. दर वेळी प्रत्येक कॅमेऱ्यात एलईडी पहिल्यांदा पेटलेला दिसला त्या फ्रेमचा शिक्का घ्या आणि दोघांची वजाबाकी करा. एकेका वजाबाकीत एका फ्रेमइतका, ३३ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक दिसेल, त्याने घाबरू नका. दोनशे वेळा करून सरासरी घ्या. ती साधारण एक मिलिसेकंदाच्या अचूकतेने दोन कॅमेऱ्यांमधला कायमचा फरक सांगते. तो शून्याजवळ आला तर उत्तम. सहासात आला तर कोडमध्ये तेवढा वजा करा. पण पाच मिनिटांनी पुन्हा मोजल्यावर वेगळाच आला, तर कॅमेरे बदलायचा विचार करा, आणि तेव्हा मित्राचं म्हणणं बरोबर ठरेल.

उरला प्रश्न दोन फ्रेममधल्या जागेचा. ३३ मिलिसेकंदांत चेंडू एक मीटर जातो, त्यामुळे नेमका क्रीझवर असतानाची फ्रेम मिळेलच असं नाही. क्रीझच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक अशा दोन फ्रेम घ्या, जमिनीवर चुन्याने अंतराच्या खुणा करा, आणि चेंडूची जागा व दोन शिक्के यांवरून क्रीझ ओलांडल्याची वेळ काढा. हे जमलं नाही तर बाकी सगळं करूनही तुमची चूक ३३ मिलिसेकंदांपर्यंत राहील. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा, ६० फ्रेमचे कॅमेरे घ्या. पूर्ण चित्र एकाच क्षणी घेणारा ग्लोबल शटर कॅमेरा रास्पबेरी पायसाठी २०२३मध्ये आला. त्याला बाहेरून ट्रिगर देता येतो, त्यामुळे दोन कॅमेरे एकाच तारेवर चालतात आणि ओळींचा हिशोबही उरत नाही. पण तिथे सीएसआयचा (यूएसबीऐवजी थेट बोर्डाला कॅमेरा जोडण्याच्या पद्धतीचा) ड्रायव्हर आणि लिबकॅमेरा ही कॅमेरा हाताळणारी लायब्ररी आले, म्हणजे वरचे तिन्ही प्रश्न नव्याने विचारावे लागतील.

आधी एलईडीची चाचणी करा आणि दोनशे वजाबाक्यांचे आकडे इथे टाका. त्याबरोबर व्ही४एल२-सीटीएलच्या पन्नासेक ओळी, दोन्ही कॅमेरे एकदम चालू असतानाच्या. क्रमांकात मध्येच खंड पडलेला दिसला, म्हणजे ४१नंतर एकदम ४३, तर फ्रेम गळताहेत आणि त्याचं कारण आधी शोधायला हवं.